अलार्मच्या वायरिंगवर पाळत: ईओएल (एंड ऑफ लाइन) रेझिस्टर कुठे, किती ओहमचा आणि कसा लावायचा

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, कुठल्याही गावातल्या दुकानाचं किंवा गोडाऊनचं अलार्म पॅनेल उघडा. बहुतेक ठिकाणी झोनच्या (एकेका सेन्सर-लाइनच्या) टर्मिनलांवरच रेझिस्टर ओळीने कसलेले दिसतात. दार उघडलं की हूटर वाजतो, म्हणून काम पूर्ण झालं असं धरलं जातं. मालकाचा प्रश्नही तेवढाच असतो, "वाजस ना भाऊ? मंग झायं!"

पण हूटर वाजवायला रेझिस्टर लागतच नाही. पॅनेलपासून सेन्सरपर्यंत गेलेल्या वायरवर पॅनेलची चोवीस तास नजर राहावी म्हणून तो असतो. उंदराने वायर कुरतडली, पत्र्याच्या धारेवर इन्सुलेशन कापलं गेलं, कुणी दिवसा गिऱ्हाईक बनून येऊन दोन तारा एकमेकींना जोडून ठेवल्या, तर हे पॅनेलला त्याच वेळी कळलं पाहिजे. रेझिस्टर पॅनेलच्या डब्यात असेल तर यातलं काहीच नीट कळत नाही. ईओएल रेझिस्टर लाइनच्या शेवटी, शेवटच्या सेन्सरच्या आत लावायचा असतो. ही एक गोष्ट चुकली की बाकीचं सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही.

पुढची माहिती वायरच्या चोर-अलार्म झोनसाठी आहे. साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल फायर झोनसाठी शेवटी वेगळा टप्पा दिला आहे. वायरलेस सेन्सर आणि अॅड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असलेलं) फायर पॅनेल यांची पाळत वेगळ्या पद्धतीने चालते, त्यांना हे लावू नका.

## आधी हे समजून घ्या: पॅनेल नेमकं काय पाहतं

पॅनेल प्रत्येक झोनवर थोडासा डीसी व्होल्टेज सोडतं आणि टर्मिनलवर किती व्होल्टेज उरला ते मोजत राहतं. त्यावरून लाइनचा रेझिस्टन्स त्याला समजतो. त्याला दार, सेन्सर, वायर यातलं काही दिसत नाही, दिसतो फक्त एक आकडा.

रेझिस्टर नसलेला साधा एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे शांत असताना जुळलेला) झोन घ्या. दार बंद असताना कॉन्टॅक्ट जुळलेला, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, पॅनेल म्हणतं ठीक. आता वाटेत कुठेही दोन तारा एकत्र आल्या तरी रेझिस्टन्स शून्यच. पॅनेल पुन्हा म्हणतं ठीक, आणि दार रात्रभर सताड उघडं राहिलं तरी ते ठीकच म्हणत राहतं.

शेवटच्या कॉन्टॅक्टपाशी ५.६ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावला की चित्र बदलतं. सगळं नीट असेल तर ५.६ किलोओहम. दार उघडलं किंवा वायर तुटली तर लाइन उघडी. वायर शॉर्ट झाली तर शून्य. आता शून्याचा अर्थ "ठीक" असा राहत नाही, तो बिघाड ठरतो.

हाच रेझिस्टर पॅनेलमध्ये लावा आणि बाहेरच्या चाळीस मीटर वायरमध्ये कुठेही शॉर्ट होऊ द्या. पॅनेलला ५.६ किलोओहमच दिसणार, कारण रेझिस्टर शॉर्टच्या अलीकडे आहे. पॅनिक बटणासारख्या एनओ (नॉर्मली ओपन, म्हणजे दाबल्यावरच जुळणाऱ्या) झोनवर तर उलटी आणि जास्त वाईट गत होते. तिथे रेझिस्टर पॅरलल असतो. तो डब्यात असेल तर बाहेरची वायर पूर्ण तुटली तरी पॅनेल समाधानी राहतं आणि कॅशियरच्या टेबलाखालचं बटण नुसतं शोभेचं होऊन बसतं. म्हणून एनओ झोनमध्ये ही चूक मी सगळ्यात गंभीर मानतो.

## टप्पा १: किंमत नक्की करा आणि झोनचा कागद बनवा

१. पॅनेलच्या मॅन्युअलमध्ये किंवा झाकणाच्या आतल्या चित्रात ईओएलची किंमत, म्हणजे तो किती ओहमचा, ते पाहा. १, २.२, ४.७, ५.६, ८.२, १० किलोओहम, यातली कुठलीही असू शकते. "मागच्या साइटवर हाच लावला होता" हे कारण चालत नाही.

२. दोन रेझिस्टरची पद्धत (टप्पा ४) वापरणार असाल तर दोन्हींची किंमत सारखी आहे की वेगळी, ते पाहा. काही पॅनेलांत अलार्मचा रेझिस्टर एका किमतीचा आणि शेवटचा दुसऱ्या किमतीचा असतो.

३. पाव वॅटचा साधा रेझिस्टर पुरतो. १२ व्होल्ट पूर्ण आले तरी ५.६ किलोओहममधून जेमतेम २ मिलिअँपिअर करंट वाहतो, तो तापतही नाही. जाड वॅटचा आणला तर सेन्सरच्या आत मावत नाही, मग तो पॅनेलकडे सरकतो.

४. बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजा. रंगपट्टे असे: १ किलोओहमला तपकिरी-काळा-लाल, २.२ ला लाल-लाल-लाल, ४.७ ला पिवळा-जांभळा-लाल, ५.६ ला हिरवा-निळा-लाल, १० ला तपकिरी-काळा-नारिंगी. चौथा सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडे-तिकडे. एक टक्कावाल्या रेझिस्टरला पाच पट्टे असतात आणि त्यांचा क्रम वेगळा वाचावा लागतो. संध्याकाळी बल्बच्या पिवळ्या उजेडात लाल आणि नारिंगी पट्टे हमखास गोंधळात टाकतात, म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका, मोजाच.

मोजताना रेझिस्टरची दोन्ही टोकं बोटांत धरू नका. अंगाचा रेझिस्टन्स पॅरललमध्ये येतो, आणि घामेजलेल्या हातांनी १० किलोओहमचा आकडा चांगलाच खाली दिसू शकतो.

५. एका कागदावर प्रत्येक झोनची नोंद करा: झोन नंबर, कुठल्या जागेचा, त्यावर कोणते सेन्सर, एनसी की एनओ, वायरची अंदाजे लांबी, आणि रेझिस्टर नेमका कुठे. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर काम सुरूच करू नका. "शेवटचा सेन्सर कोणता" हे वायर ओढण्याआधी ठरलं पाहिजे, कारण वायरचा मार्ग त्यावरूनच ठरतो.

सावध: जुनं पॅनेल काढून दुसऱ्या कंपनीचं बसवताना सेन्सरच्या आतले जुने रेझिस्टर तसेच राहतात. नवं पॅनेल २.२ मागतं, आत ५.६ बसलेला असतो आणि झोन कायम उघडा दिसतो. मग वैतागून कुणीतरी सेटिंगच बदलून पाळत बंद करून टाकतं. जुने रेझिस्टर एकूण एक शोधून बदला.

## टप्पा २: रेझिस्टरच्या आधी वायर पास करा

नव्या वायरिंगमध्ये हा टप्पा वगळला की पुढे दोष रेझिस्टरचा की वायरचा, यातच दिवस जातो.

१. वायर पॅनेल आणि सेन्सर दोन्हीकडून मोकळी ठेवा. लांबच्या टोकाला जोडीतल्या दोन तारा पिळा आणि पॅनेलच्या टोकाला मोजा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला १०० मीटर अंतरासाठी, जाऊन-येऊन, सुमारे ७ ओहम यायला हवेत. अलार्मची बारीक ०.२२ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर सुमारे १६. मल्टिमीटरच्या स्वतःच्या लीडचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. अपेक्षा ७ ची आणि आले ६० तर वाटेतला एखादा सांधा कच्चा आहे. आकडा दीडपटीच्या वर आणि सगळीकडे सारखाच वाढलेला दिसला तर वायर बहुधा पूर्ण तांब्याची नाही, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे.

२. पिळलेली टोकं सोडवा. आता त्या दोन तारांत, आणि प्रत्येक तार व अर्थिंग यांच्यात, मीटरने काहीच दाखवायला नको.

३. मेगर (जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासायचं मीटर) वापरायचा तर तो मोकळ्या वायरवरच. पॅनेल किंवा सेन्सर जोडलेला असताना ५०० व्होल्ट सोडले की आतला सर्किट बोर्ड गेलाच म्हणून समजा.

४. मार्ग डोळ्यांनी पाहा. केबलमधून आरपार गेलेली स्टेपल पिन, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेटशिवाय घातलेली वायर, दार घासून जातं तिथे उघडी राहिलेली वायर. गोडाऊनमध्ये उंदरांची वाट भिंतीच्या कडेकडेने आणि तुळईवरून असते. तिथे पीव्हीसी पाइप हवाच, नुसती पट्टी चालत नाही. मोटारींच्या पॉवर केबलपासून हातभर लांब राहा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा "उन्हाने रेझिस्टन्स वाढला, म्हणून झोन उडतो" असं सर्रास सांगितलं जातं. हिशोब करून पाहा. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे साधारण ०.४ टक्के वाढतो. वीस अंश वाढले तर ८ टक्के, म्हणजे ७ ओहमवर जेमतेम अर्धा ओहम. ५६०० ओहमपुढे तो कुठेच नाही. पत्र्याच्या शेडमधली उष्णता बिघाड घडवते ती वेगळ्या वाटेने: कच्चे सांधे ढिले पडतात, स्वस्त पीव्हीसी कडक होऊन तडकतं, आणि पहिल्या पावसात त्या तडीतून पाणी शिरतं. तेव्हा ऊन दिसलं की सांधे तपासा, पॅनेलची संवेदनशीलता कमी करू नका.

## टप्पा ३: एक रेझिस्टरचा झोन

एनसी कॉन्टॅक्टसाठी (दार, खिडकी, शटर):

१. पॅनेलकडून आलेली पहिली तार पहिल्या कॉन्टॅक्टच्या एका टोकाला.

२. त्याच्या दुसऱ्या टोकातून पुढच्या कॉन्टॅक्टला. असे सगळे सिरीजमध्ये.

३. शेवटच्या कॉन्टॅक्टच्या दुसऱ्या टोकाला रेझिस्टर.

४. रेझिस्टरच्या दुसऱ्या पायातून परतीची तार थेट पॅनेलकडे. परतीची तार बाकीच्या कॉन्टॅक्टजवळूनच, त्याच केबलमधून आली पाहिजे.

रेझिस्टर या साखळीत कुठेही असला तरी मीटरवर आकडा तोच येतो, आणि नेमकी तिथेच फसगत होते. पहिल्या कॉन्टॅक्टपाशी लावला तर त्याच्या पुढच्या वायरमधला शॉर्ट पकडला जात नाही. म्हणून आकडा बरोबर आला एवढ्यावर थांबू नका, जागा बघा.

एनओ बटणासाठी सगळी बटणं पॅरललमध्ये, आणि रेझिस्टर शेवटच्या बटणाच्या दोन टर्मिनलांवर आडवा. वायर एका बटणातून दुसऱ्यात अशीच पुढे जायला हवी. मधूनच फांदी काढून तिसऱ्या टेबलाला बटण दिलं की ती फांदी तुटलेली पॅनेलला कधीच कळणार नाही.

शटरच्या कॉन्टॅक्टबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या बाजारपेठांत दुकान म्हटलं की शटरच. जमिनीवर बसणारा जाड कॉन्टॅक्ट बंद साच्यातला असतो, त्यातून स्टीलच्या लवचिक नळीतली वायर बाहेर येते. आत रेझिस्टर घालायला जागाच नसते. अशा वेळी रेझिस्टर जवळच्या जंक्शन बॉक्समध्ये जातो आणि बॉक्स ते कॉन्टॅक्ट एवढा तुकडा शॉर्टच्या पाळतीबाहेर राहतो. तो तुकडा जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवा, स्टीलची नळी कापू नका, आणि बॉक्स दुकानाच्या आतल्या बाजूला, झाकणाला टॅम्पर स्विच (झाकण उघडलं की पॅनेलला कळवणारा) असलेला घ्या. त्या तुकड्यात कुठेही सांधा नको. कॉन्टॅक्ट विकत घेतानाच आत रेझिस्टर भरलेला मिळत असेल तर सरळ तो घ्या, किंमत पॅनेलशी जुळते एवढं बघा.

तपासा: एक रेझिस्टरच्या एनसी झोनमध्ये दार उघडणं आणि वायर तुटणं पॅनेलला सारखंच दिसतं. हा दोष नाही, या पद्धतीची मर्यादा आहे. सिस्टीम बंद (डिसआर्म, म्हणजे पहाऱ्यावर नाही) असताना, दुकान चालू असताना कुणी वायर कापली तर "झोन उघडा" एवढंच दिसेल. हे वेगळं कळायला हवं असेल तर पुढचा टप्पा.

## टप्पा ४: दोन रेझिस्टरचा झोन

सराफाचं दुकान, बँकेची खोली, जिथे दिवसभर अनोळखी माणसं सेन्सरखाली वावरतात, तिथे हीच पद्धत धरा. मोशन सेन्सरमध्ये अलार्मचे दोन आणि टॅम्परचे दोन टर्मिनल असतात. जोडणी अशी:

१. पॅनेलच्या झोनची तार टॅम्परच्या पहिल्या टर्मिनलला.

२. टॅम्परच्या दुसऱ्या टर्मिनलपासून अलार्मच्या पहिल्या टर्मिनलपर्यंत पहिला रेझिस्टर. हाच ईओएल.

३. अलार्मच्या दोन टर्मिनलांवर आडवा दुसरा रेझिस्टर.

४. अलार्मच्या दुसऱ्या टर्मिनलमधून परतीची तार पॅनेलच्या कॉमनला.

दोन्ही ५.६ चे धरले तर चार अवस्था पडतात. शांत असताना ५.६. माणूस हलला की अलार्मचा कॉन्टॅक्ट उघडतो, दोन्ही रेझिस्टर सिरीजमध्ये येतात, ११.२. झाकण उघडलं किंवा वायर तुटली की लाइन उघडी. शॉर्ट झाला की शून्य. शेवटच्या दोन्ही अवस्थांत पॅनेलने सिस्टीम बंद असतानाही ओरडायला हवं.

इथे तीन चुका नेहमी होतात. अलार्मवरचा आडवा रेझिस्टर चुकून टॅम्परवर बसतो, मग झाकण उघडलं की पॅनेलला ते अलार्मसारखं वाटतं. टॅम्पर जोडायचाच राहतो आणि तिथे जंपर मारला जातो, म्हणजे दोन रेझिस्टर घालूनही झाकण उघडणारा सापडत नाही. तिसरी चूक एका झोनवर दोन-तीन सेन्सर घालण्याची: दोन एकाच वेळी उघडले की १६.८ किलोओहम होतात, आणि त्याला काय म्हणायचं हे त्या पॅनेलवर अवलंबून राहतं. एका झोनवर एकच सेन्सर ठेवा. झोन कमी पडत असतील तर एक्सपान्शन बोर्ड घ्या.

## टप्पा ५: सांधा

रेझिस्टरचे पाय वायरला नुसते पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळायची, हे बंद करा. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ती आपोआप सुटते. टर्मिनलचा स्क्रू उपलब्ध असेल तर रेझिस्टरचा पाय आणि वायर एकत्र कसा, पाय दुमडून घाला, मग ओढून बघा. टर्मिनल नसेल तर सोल्डर करा आणि हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. स्लीव्ह रेझिस्टरच्या दोन्ही उघड्या पायांवरही हवी. सेन्सरच्या झाकणात दाबून बसवताना उघडा पाय बोर्डाला टेकला की असा बिघाड मिळतो जो झाकण उघडताच गायब होतो.

रावेर-यावलकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये हवा सतत दमट असते. तिथे उघड्या सांध्यावर हिरवट थर चढतो आणि दोन तारांमध्ये ओलाव्याची वाट तयार होते. ती वाट २० किलोओहमची झाली तर ५.६ चा आकडा ४.४ वर येतो. पॅनेल आज ते चालवून घेईल, पुढच्या महिन्यात घेणार नाही. अशा जागी गोंद असलेली स्लीव्ह आणि सीलबंद बॉक्स वापरा, बॉक्सला वायर खालून आणा, वरून नको.

सावध: जिनिंगमध्ये सोल्डरिंग आणि ड्रिलिंग कापूस आत असताना करू नका. तुळईवर साचलेल्या तंतूंना एक ठिणगी पुरते. हे काम दिवाळीच्या हंगामाआधी, शेड रिकामी आणि झाडलेली असताना उरकून घ्या. हंगामात दुरुस्ती निघालीच तर रेझिस्टरला वायर बाहेरच सोल्डर करून आणा आणि आत फक्त स्क्रू कसा.

## टप्पा ६: पॅनेलला जोडण्याआधी मोजा

१. झोनच्या दोन्ही तारा पॅनेलमधून काढलेल्या असू द्या. जोडलेल्या झोनवर ओहम मोजायला गेलात तर पॅनेलचा व्होल्टेज मध्ये येतो आणि आकडा खोटा निघतो.

२. मोशन सेन्सरला १२ व्होल्ट चालू ठेवा आणि त्याला स्थिर होऊ द्या. बहुतेक सेन्सरचा रिले सप्लाय असतानाच जुळलेला राहतो, सप्लाय बंद असताना तो अलार्ममध्येच दिसतो. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक चांगले सेन्सर खराब म्हणून परत गेले आहेत.

३. झाकणं बंद, दारं बंद, आत कुणी नाही, अशा स्थितीत प्रत्येक झोन मोजा आणि आकडा कागदावर लिहा.

५.६ च्या झोनवर काय आलं तर काय समजायचं:

- ५.४ ते ५.८ च्या आसपास: बरोबर.
- ११.२: एनसी झोनवर दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत, किंवा दोन रेझिस्टरवाला सेन्सर अलार्ममध्ये आहे.
- २.८: दोन रेझिस्टर पॅरललमध्ये. एनओ लाइनवर मधल्या एखाद्या बटणातही रेझिस्टर राहून गेला आहे.
- ४ ते ५ च्या मध्ये: ओलावा किंवा घाण.
- काही ओहम: शॉर्ट, आणि तो किती लांब आहे तेही याच आकड्यातून निघतं. ०.५ च्या वायरवर ३.५ ओहम म्हणजे साधारण पन्नास मीटरवर. तिकडून शोधायला सुरुवात करा.
- नाचणारा आकडा: ढिला सांधा. एकाने मीटर बघायचा, दुसऱ्याने एकेक बॉक्स हलक्या हाताने ठोकत जायचं.

## टप्पा ७: पॅनेलमधली सेटिंग

झोन जोडा आणि त्याचा प्रकार निवडा: साधा एनसी, एक ईओएल, किंवा दोन ईओएल. काही पॅनेलांत ही सेटिंग सगळ्या झोनना मिळून एकच असते, काहींत झोनगणिक वेगळी. सेटिंग एनसीवरच राहिली तर तुम्ही लावलेल्या रेझिस्टरकडे पॅनेल बघतच नाही, किंवा झोन कायम उघडा दाखवतं.

न वापरलेले झोन बंद करा. पॅनेल तशी सोय देत नसेल तर त्या झोनच्या टर्मिनलवर रेझिस्टर लावा. पॅनेलच्या डब्यात रेझिस्टर असण्याची ही एकमेव योग्य जागा.

बिघाडाची सूचना मोबाइलवर जाते का, तेही इथेच बघा. बऱ्याच ठिकाणी अलार्मचा कॉल लावलेला असतो आणि फॉल्ट व टॅम्परचा बंद असतो. मग पाळतीचा निकाल कुलूपबंद केबिनमधल्या एका पिवळ्या दिव्यापुरता उरतो.

## टप्पा ८: बिघाड मुद्दाम करून पाहा

ही चाचणी केली नाही तर आतापर्यंतचं सगळं काम कागदावरच राहतं. मालकाला आणि ज्यांच्या फोनवर कॉल जातो त्यांना आधी कळवा.

प्रत्येक झोनच्या शेवटच्या सेन्सरपाशी जाऊन, पॅनेलपाशी नव्हे:

१. सेन्सर चालवा: दार उघडा, चालून बघा, बटण दाबा. अलार्म आला पाहिजे.

२. झोनची एक तार सोडा. उघडा झोन, टॅम्पर किंवा फॉल्ट, जे त्या पद्धतीला अपेक्षित आहे ते दिसलं पाहिजे.

३. तार परत जोडा. आता येणाऱ्या दोन झोन-तारा रेझिस्टरच्या अलीकडे एकमेकींना टेकवा. पॅनेलने लगेच तक्रार केली पाहिजे. इथे पॅनेल गप्प राहिलं तर रेझिस्टर वाटेत कुठेतरी अलीकडे आहे किंवा सेटिंग चुकली आहे. एनओ झोनवर शॉर्ट म्हणजेच बटण दाबणं, त्यामुळे तिथे खरी कसोटी तार सोडण्याची.

४. दोन रेझिस्टरच्या झोनवर झाकण उघडा.

५. हेच सिस्टीम बंद आणि चालू, दोन्ही स्थितींत करा.

सावध: मोशन सेन्सरमध्ये सप्लायच्या ताराही शेजारीच असतात. शॉर्ट करताना १२ व्होल्टची जोडी टेकवली तर पॅनेलचा फ्यूज जाईल. आधी तारांचे रंग कागदावर पाहा.

## फायर झोन वेगळा धरा

कन्व्हेन्शनल फायर पॅनेलवर दोन तारांवरच स्मोक डिटेक्टर चालतात, साधारण २४ व्होल्टवर. ईओएल शेवटच्या डिटेक्टरच्या बेसमध्ये, प्लस आणि मायनसमध्ये आडवा. वायर प्रत्येक बेसमधून आत आणि बाहेर अशी गेली पाहिजे, म्हणजे डिटेक्टरचं डोकं काढलं की पुढची लाइन तुटते आणि पॅनेल फॉल्ट दाखवतं. दोन्ही तारा एकाच टर्मिनलखाली कसल्या तर डोकं काढूनही लाइन जुळलेली राहते. रंगकाम करणारे डिटेक्टर काढून ठेवतात, परत लावायचे राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. मधून फांदी इथेही चालत नाही.

काही फायर पॅनेलांचा ईओएल साधा रेझिस्टर नसून कपॅसिटर किंवा छोटं मॉड्यूल असतं. पॅनेलसोबत जे आलं तेच लावा. काच फोडायच्या मॅन्युअल कॉल पॉइंटच्या आतला काहीशे ओहमचा रेझिस्टर हा ईओएल नव्हे, तो काढू नका. त्याच्यामुळेच दाबलेलं बटण आणि शॉर्ट झालेली वायर यांतला फरक पॅनेलला कळतो.

हूटरच्या लाइनलाही शेवटच्या हूटरपाशी ईओएल असतो. बऱ्याच पॅनेलांत शांत वेळी या लाइनवर उलटी पोलॅरिटी असते, अलार्मला ती पलटते. हूटर उलटा जोडला तर तो शांत वेळीच वाजेल किंवा पॅनेल फॉल्ट दाखवेल, आणि तेव्हा ईओएल बदलत बसण्यात अर्थ नाही, हूटरच्या तारा सरळ करा.

चार तारांचा डिटेक्टर चोर-अलार्म पॅनेलवर लावत असाल तर त्याच्या सप्लायवरही पाळत हवी. सप्लायच्या शेवटी १२ व्होल्टचा रिले बसवा आणि सप्लाय असताना जुळणारा त्याचा कॉन्टॅक्ट ईओएलच्या सिरीजमध्ये घ्या. नाहीतर डिटेक्टरचा सप्लाय तुटतो, झोन मात्र ठीकच दिसत राहतो.

आगीची यंत्रणा उभारणं आणि सांभाळणं यासाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. डिटेक्टरमधलं अंतर, केबल, चाचण्या, सगळं त्यावरूनच ठरवा. चाचणीआधी पंप आणि इतर जोडलेली यंत्रणा अलग करा आणि कामगारांना सांगा, जिनिंगमध्ये गाड्या खाली होत असताना हूटर वाजला तर धावपळीतच माणूस पडतो.

## टप्पा ९: आकडे मागे ठेवून जा

मोजलेल्या रेझिस्टन्सचा कागद, रेझिस्टर कुठे आहे त्या रकान्यासकट, पॅनेलच्या झाकणाच्या आत प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवा. एक प्रत मालकाकडे द्या. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक झोन पुन्हा मोजा आणि शेजारी नवा आकडा लिहा. ५.६ चा झोन ५.५, मग ५.२, मग ४.९ असा उतरताना दिसला तर पॅनेल ओरडेपर्यंत थांबू नका, त्या वायरवरचे बॉक्स उघडा. रेझिस्टर सहजासहजी असा हळूहळू उतरत नाही, पाणी कुठेतरी आत आलेलं असतं.